शिमल्यात बर्फ पडला नाही, चढवा वेधशाळेला सुळावर

नाताळची सुट्टी आटोपून मंडळी परतली की एक तक्रार दरवर्षी हमखास कानावर येते. ती टॅक्सीच्या भाड्याबद्दल नसते, हॉटेलातल्या बंद गीझरबद्दलही नसते. रोख थेट हवामान खात्यावर असतो. ‘‘शिमल्यात बर्फ पडणार म्हणाले होते. पडला काय, तर पाऊस! पोरं हातमोजे घालून छत्र्या धरून फिरली.’’ ऐकणारे हसतात. मग कुणीतरी तो जुनापुराणा विनोद काढतो, वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी म्हणून, आणि तिथल्या तिथे निकाल लागतो. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत नाही.

आरोपपत्र मात्र भरगच्च असतं. आपण चंद्रावर यान उतरवतो, आकाशात उपग्रह फिरवतो, पुण्यात महासंगणक बसवतो. तरी परवा मॉल रोडवर बर्फ पडेल का, एवढं साधं या लोकांना सांगता येत नाही. सांगतात तेही कसं, तर ‘पाऊस / हिमवृष्टी’. मध्ये एक तिरकी रेघ मारली की झालं, काहीही पडलं तरी साहेब बरोबरच! त्यापेक्षा शिमल्याजवळच्या कुफरीचा घोडेवाला बरा, आभाळाकडे बघून छातीठोक सांगतो. आणि फोनवरचं ॲप तर फुकटात सांगतं, वर चित्रही काढून दाखवतं.

हे बोलणारे अडाणी असते तर मी लेखणी उचलली नसती. बोलतात ते इंजिनिअर, बँकेतले अधिकारी, निवृत्त प्राध्यापक. अर्धा टक्का व्याज कुठे जास्त मिळतं हे यांना झोपेतही कळतं. अर्धा अंश म्हणजे काय, हे मात्र कळून घ्यायचं नसतं. शिमल्याचा सगळा खेळ त्या अर्ध्या अंशाचा आहे.

आधी जागा बघा. शिमल्याचं रिज मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर. त्याच्या डोक्यावर जाखूची टेकडी, २,४५० मीटरच्या आसपास. बसस्टँड, रेल्वे स्टेशन आणि बरंचसं शहर रिजच्या खाली उतारावर पसरलेलं. उंचीवर जाताना दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तापमानाच्या अंदाजात एका अंशाची चूक झाली तर बर्फाची सीमा दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते; अर्ध्या अंशाची झाली तर पाऊणशे मीटर. जगातल्या कुठल्याही हवामान खात्याला दोन दिवस आधी डोंगरातलं तापमान अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगून दाखवायला लावा, मग बोलू.

समजा, एखाद्या संध्याकाळी शून्य अंशाची पातळी २,४०० मीटरवर आहे. हिमकण त्या पातळीखाली आले की लगेच पाणी होतात असं नाही. पुरतं वितळायला त्यांना आणखी दोन-तीनशे मीटर लागतात. अशा वेळी जाखूच्या देवदारांवर पांढरा थर बसतो. रिजवर एकमेकांना चिकटलेले मोठाले ओले पुंजके येतात. कोटाच्या बाहीवर क्षणभर दिसतात, उभ्या मोटारींच्या टपावर थोडे टिकतात, फरशीवर टेकले की पाणी. खाली बसस्टँडवर नुसता पाऊस. ढग तोच, घटका तीच, शहरही तेच. जाखूवरचा पर्यटक म्हणतो अंदाज अचूक, बसस्टँडवरचा म्हणतो शुद्ध थापा, आणि रिजवरचा फोटो घरी पाठवून विचारतो, याला बर्फ म्हणायचं का हो? यातल्या कुणाची साक्ष धरायची?

बरं, तापमान अगदी नेमकं कळलं असं धरा. तरी भागत नाही. ४ अंशाला बर्फ पडू शकतो आणि २ अंशाला पाऊस, हे टीकाकारांपैकी कितीजणांना ठाऊक असतं? हवा कोरडी असली की पडणाऱ्या थेंबांची आणि कणांची थोडी वाफ होते आणि भोवतालची हवा गार पडते. माठातलं पाणी थंड होतं तेच कारण. हवा आधीच दमट असेल तर ही सोय नाही. म्हणून पहाडातला अंदाजकार साध्या थर्मामीटरइतकाच, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दुसऱ्या थर्मामीटरवर डोळा ठेवून असतो.

त्यात पुन्हा सरींच्या जोराचा प्रश्न. एक किलो हवा एका अंशाने थंड व्हायला जेमतेम तीन ग्रॅम बर्फ वितळणं पुरतं. नुसती भुरभुर असेल तर कण वाटेतच विरघळतात, हवा फारशी निवत नाही आणि खाली पाऊसच येतो. जोर धरला की तोच वितळणारा बर्फ हवेला शून्यापर्यंत खाली ओढतो आणि बघता बघता पावसाचा बर्फ होतो. जोर ओसरला की परत पाऊस. म्हणजे काय पडेल हे सांगायला किती पडेल हे आधी माहीत हवं, आणि तेही तासातासाचं. थर किती साचेल हा तर वेगळाच हिशेब. दहा मिलिमीटर पाण्याचा कडक थंडीत पंधरा सेंटिमीटर भुसभुशीत थर होऊ शकतो, ओल्या बर्फाचा पाचच सेंटिमीटर, आणि बर्फ न होता पाऊस झाला तर सगळं गटारात. तिन्ही वेळा पाण्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरलेला असतो! पण तो मोजायला पर्यटक थोडाच आलेला असतो?

हे सगळं घेऊन येतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघायचं, इराण-अफगाणिस्तानचे डोंगर ओलांडायचे आणि हिमालयावर येऊन आदळायचं, हा त्यांचा हिवाळ्यातला परिपाठ. वाटेत ते अरबी समुद्रावरून ओलावा ओढून घेतात. ओलावा हवाच, त्याशिवाय बर्फ कशाचा? पण तो येतो दक्षिणेच्या उबदार वाऱ्यांबरोबर, आणि ते वारे शून्याची पातळी वर ढकलतात. खरी थंड हवा येते झंझावाताच्या पाठीमागून. सगळा प्रश्न एवढाच, की थंडी पोहोचेपर्यंत ढगांत ओल शिल्लक राहते का. दोन-तीन तासांचा उशीर झाला तर दिवसभर पाऊस पडतो आणि रात्री आभाळ निरभ्र होऊन हुडहुडी भरते. बर्फाचा पत्ता नाही. तीन हजार किलोमीटरवरून निघालेल्या गाडीने दोन तास उशीर केला तर आपण स्टेशनवर वर्तमानपत्र उघडून बसतो. झंझावाताला तेवढीही मुभा नाही.

आता त्या तिरक्या रेघेकडे वळू, कारण सगळी खिल्ली तिथे येऊन थांबते. दोन्ही लिहून सुटतात म्हणणाऱ्याने पत्रक पुरतं वाचलेलं नसतं. हिमाचलच्या पत्रकात खालचे डोंगर, मधले डोंगर आणि उंच डोंगर असे भाग असतात. शिमल्याची उंची मधल्यात मोडते. ऐन हिवाळ्यातल्या एखाद्या झंझावाताच्या वेळी खालच्या डोंगरांपुढे सरळ ‘पाऊस’ लिहिलेलं असतं, उंच डोंगरांपुढे सरळ ‘हिमवृष्टी’. रेघ येते ती मधल्या पट्ट्यात. ज्याला काहीच कळत नाही त्याने सगळीकडे रेघा मारल्या असत्या. इथे रेघ नेमकी जिथे पाऊस आणि बर्फ यांची सरमिसळ होते तिथेच पडते. याला पळवाट म्हणायचं की मोजमाप?

तीच गोष्ट ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘काही ठिकाणी’ची. या शब्दांवर आपल्याकडे पावसाळाभर कोट्या चालतात. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्के केंद्रांपर्यंत, काही ठिकाणी म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि त्यापुढे बहुतांश. शब्द मोजूनमापून वापरलेले आहेत. वाचणाऱ्याला मोजमाप माहीत नाही, म्हणून ते भोंगळ ठरतात. एक गोष्ट मात्र मी खात्याच्या विरोधात लिहून देतो. बर्फाची सीमा अमुक मीटरवर असण्याची शक्यता इतके टक्के, असं त्यांनी रोज साध्या भाषेत छापावं. पण छापल्यावर ते वाचायला कोण बसलंय? ‘साठ टक्के’ वाचून आपण ‘पडणार’ म्हणतो, आणि उरलेले चाळीस पडले की फसवणुकीची फिर्याद.

महासंगणकाचं म्हणाल, तर त्याचा अभिमान मलाही आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. पूर्वीचं बारा किलोमीटरचं जाळं तिने सहा किलोमीटरवर आणलं. मोठीच मजल आहे. पण तो सहा किलोमीटरचा चौकोन शिमल्यावर ठेवून बघा. त्यात जाखूचं शिखर येतं, रिज येतो आणि रिजच्या दोन्ही अंगांना कित्येकशे मीटर खाली उतरलेल्या दऱ्याही येतात. संगणकाला त्या सगळ्यासाठी एकच उंची धरावी लागते. ती धरून तो जे तापमान काढतो ते ना जाखूचं, ना बसस्टँडचं. पुढचं काम माणसाने करायचं: कुठला आकडा कुठल्या उतारावर लावायचा, गेल्या वेळी हे गणित किती गरम निघालं होतं, कुफरीच्या डॉप्लर रडारवर वितळणाऱ्या बर्फाचा उजळ पट्टा किती उंचीवर दिसतो आहे. तो पट्टा खाली सरकू लागला की अंदाजकाराला कळतं, आता बर्फ येतोय. पण तेव्हा हातात दोन-तीन तासच असतात, आणि तुमची हॉटेलं तर महिनाभर आधीच बुक झालेली.

पुणेकरांनी या प्रकरणात जरा जपूनच बोलावं. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’वरून आपण रोज जातो-येतो, १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे हलवलं, त्याची ती खूण. आणि १८८६ साली या खात्याने मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला, तेव्हा खातेप्रमुख हेन्री ब्लॅनफर्डचा आधार होता तो हिमालयातल्या बर्फाचाच. हिवाळ्यात तिथे बर्फ किती पडला यावरून पुढच्या पावसाचा कल काढायचा, अशी ती रीत. या खात्याला बर्फातलं काही कळत नाही म्हणायला निदान शहर तरी दुसरं निवडा.

चंद्राचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. चंद्र शंभर वर्षांनी कुठे असेल ते आज सांगता येतं, कारण तो ज्या नियमांनी फिरतो त्यात छोटी चूक छोटीच राहते. हवेत ती फुगत जाते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने १९६३ सालीच ते गणिताने दाखवून दिलं. शिवाय २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चांद्रयान-३ ला वाटेत दुरुस्त्यांचे आदेश देता येत होते. भूमध्य समुद्रावरून निघालेल्या ढगाला असा कुठला नियंत्रण कक्ष आहे, तेवढं कुणीतरी सांगावं. घोडेवाल्याबद्दल मला आदर आहे, त्याला डोंगर कळतो. पण तो बोलतो पुढच्या दोन तासांबद्दल आणि तुम्ही विचारता पुढच्या मंगळवारचं. त्यातही त्याचा कुठलाच अंदाज कुठे लिहून ठेवलेला नसतो, त्यामुळे चुकलेले विसरले जातात आणि जमलेल्यांच्या कथा होतात. ॲपचं तर विचारूच नका. कुठल्यातरी जागतिक गणिताचा आकडा उचलायचा, त्यावर हिमकणाचं चित्र डकवायचं, आणि तेही दहा दिवस आधी. त्या चित्राखाली कुणाची सही नसते. म्हणूनच त्याच्यावर कुणी चिडत नाही.

चिडायचंच तर बर्फ विकणाऱ्यांवर का चिडत नाही आपण? जुलै-ऑगस्टात गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडतं. त्यात हिमाचलची सहल, पांढऱ्याशुभ्र उतारावर लाल कोट घालून हसणारं कुटुंब, ‘बर्फात खेळण्याचा आनंद’. सहा महिने आधी! तिथे तिरकी रेघ नाही, ‘शक्यता’ नाही, टक्केवारी नाही. पैसे भरताना कुणी विचारत नाही की हा बर्फ कुठल्या झंझावाताच्या भरवशावर विकताय. ज्याने सहा महिने आधी बिनशर्त बर्फ कबूल केला तो ‘आमचे नेहमीचे टूरवाले’, आणि ज्याने दोन दिवस आधी ‘कदाचित’ म्हटलं तो खोटारडा. शिमल्याहून साडेचारशे मीटर उंच असलेलं गुलमर्गही जानेवारी २०२४ च्या सुट्टीत बोडकं पडलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर पुरेसा बर्फ नाही म्हणून तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. गुलमर्गची ही कथा, मग शिमल्याच्या मॉलची हमी कुठल्या जोरावर देतात?

आपल्याकडचं खातं वाईट, परदेशात बघा कसं नेमकं सांगतात, असा एक सूर नेहमी लागतो. बघू या की. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन फुटांच्या आसपास बर्फाचा इशारा दिला गेला, भुयारी रेल्वे बंद ठेवली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. पूर्वेला पाऊणशे किलोमीटरवर, लाँग आयलंडच्या आयस्लिपला, दोन फूट पडलाच. वादळाचा पट्टा तेवढा सरकला होता. लोकांनी इतकं धारेवर धरलं की न्यू जर्सीच्या एका अंदाजकाराने जाहीर माफी मागितली. पाऊणशे किलोमीटरच्या चुकीबद्दल, हजारो किलोमीटरच्या वादळात! याचा परिणाम काय होतो तेही दिसलं. मार्च २०१७ च्या वादळात आकडे खाली येताहेत हे दिसत असूनही तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने शहरांसाठीचा कडक इशारा तसाच ठेवला. ऐन वेळी बदल केला तर लोक गोंधळतील आणि गाफील राहतील, अशी धास्ती होती. ठाम बोला, ठाम बोला म्हणून माणसाच्या मागे लागलं की तो ठाम बोलतो. खरं बोलतोच असं नाही.

अटलांटाची गोष्ट याहून बोलकी. २८ जानेवारी २०१४, एकूण बर्फ अडीच इंचांच्या जरासा वर. तेवढ्याने ते महानगर ठप्प झालं. मोटारी रात्रभर महामार्गांवर अडकल्या, मुलं शाळांतच झोपली. जॉर्जियाचे गव्हर्नर आधी म्हणाले की हे वादळ अनपेक्षित होतं. पण हवामान सेवेचा इशारा त्या दिवशी पहाटेच निघालेला होता. पुढे गव्हर्नरांनाच माफी मागावी लागली. अंदाज बरोबर आला तरी दोष अंदाजाला, इतकी ही सवय हाडीमाशी भिनली आहे.

आणि मरी? शिमल्यासारखंच ब्रिटिशांनी वसवलेलं, उंचीही जवळपास तीच, रावळपिंडीच्या वर. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पाकिस्तानच्या हवामान खात्याने जोरदार बर्फाचा इशारा दिला होता. बर्फ बघायला हजारो गाड्या तरीही वर गेल्या. ७ जानेवारीच्या रात्री रस्ते बंद झाले, गाड्या गाडल्या गेल्या आणि किमान २२ माणसं तिथेच गेली. त्यांतली बरीच बंद गाडीत हीटर चालू ठेवून, धुराने गुदमरून. तिथे इशारा देणाऱ्याने काय कमी केलं होतं? ‘हे लोक सांगतात तसं कधी होत नाही’ हे वाक्य आपण ज्या हसतमुखाने चहाच्या कपाबरोबर फेकतो, तेच वाक्य मनात घेऊन माणसं घाट चढतात. वेधशाळेवरच्या विनोदाला मी निरुपद्रवी मानत नाही, ते यासाठी.

ठाम उत्तरं हवीत? ती रोज मिळतात. जानेवारीच्या झंझावातात जवळजवळ चार हजार मीटरवरच्या रोहतांगला काय पडणार हे खातं रेघ न मारता सांगतं. दीड हजार मीटरवरच्या सोलनला काय पडणार तेही सांगतं. तिथली उत्तरं कुणाला नको असतात, कारण रोहतांगचा रस्ता तेव्हा बंद असतो आणि सोलनला पाऊसच असतो. आपल्याला हवा असतो मॉल रोडवरचा बर्फ: हातात कॉफी, मागे गरम खोली, पायाखाली फरसबंदी, आणि २,२०० मीटर उंचीवर, शून्याच्या अर्धा अंश अलीकडे की पलीकडे हे वाऱ्याने अजून ठरवलेलं नसताना, शुक्रवारी दुपारी एका शब्दात ‘हो’. हवेतच जे उत्तर अजून तयार झालेलं नाही, ते खात्याने आणायचं कुठून?